आपल्याच कंपनीचे विकिपीडिया पान : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या महिन्यात एकाच विषयावर बरीच पत्रे आली : आपण जिथे नोकरी करतो त्या संस्थेविषयी विकिपीडियावर लिहावे का, आणि लिहायचे तर कसे? त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे इंग्रजी आणि मराठी विकिपीडियाचे नियम जवळून माहीत असलेल्या मंडळींनी दिली आहेत.

प्रश्न : मी एका सहकारी साखर कारखान्याच्या कार्यालयात आहे. विकिपीडियावरच्या आमच्या कारखान्याच्या लेखात गाळप क्षमता जुनी आहे आणि अध्यक्ष म्हणून मागच्या संचालक मंडळातल्या गृहस्थांचे नाव आहे. कार्यकारी संचालकांनी मला ‘ते जरा नीट करून टाका’ असे सांगितले. माहिती खरीच आहे, मग मी खाते उघडून बदल केला तर काय बिघडते?

उत्तर : माहिती खरी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, वाचकाला नाही. वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा? लेखाखालच्या संदर्भावर, आणि लिहिणाऱ्याचा त्यात स्वार्थ नाही यावर. पगार देणाऱ्या संस्थेविषयी लिहिताना दुसरी अट तुटते. यालाच हितसंघर्ष म्हणतात. तुम्ही खोटे लिहाल असा त्याचा अर्थ नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसाच्या नकळत होते. आज गाळप क्षमता बदलाल, उद्या त्याच परिच्छेदातली थकीत ऊसबिलाची ओळ ‘आता जुनी झाली’ असे वाटून काढून टाकाल. तेव्हा तुम्हाला आपण काही वावगे केले असे वाटणारही नाही.

म्हणून नियम असा : लेखाला हात लावायचा नाही, लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे त्याला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, बदल मागायचा. शुद्धलेखनाची चूक, तुटलेला दुवा, कोणी केलेली उघड नासधूस एवढे स्वतः दुरुस्त केलेले चालते. बाकी सगळे चर्चापानावर.

मागणी कशी लिहिता यावर ती मान्य होणे अवलंबून असते. ‘आमच्या कारखान्याचा लेख जुना आहे, कृपया अद्ययावत करावा’ एवढेच लिहिले तर कोणी ढुंकून पाहणार नाही, कारण ते काम करायला कोणाला तरी तुमच्यासाठी दोन तास काढावे लागतील. तीच मागणी अशी लिहा :

‘मी या कारखान्याचा पगारी कर्मचारी आहे. “स्वरूप” या विभागातले दुसरे वाक्य सध्या असे आहे : “कारखान्याची गाळप क्षमता प्रतिदिन २,५०० टन आहे.” त्याऐवजी असे हवे : “कारखान्याची गाळप क्षमता प्रतिदिन ५,००० टन आहे.” कारण : विस्तारवाढ पूर्ण झाली. संदर्भ : कारखान्याचा वार्षिक अहवाल, अमुक वर्ष, अमुक पान, अमुक दैनिकातली बातमी, अमुक तारीख, दुवा सोबत.’

सध्याचे वाक्य, हवे असलेले वाक्य, कारण, संदर्भ. चारही गोष्टी डोळ्यांसमोर असल्या की तपासणाऱ्याचे काम पाच मिनिटांचे होते. एका मागणीत एकच बदल घ्या. बारा बदल एकत्र टाकले तर त्यातल्या एका वादग्रस्त बदलापायी बाकीचे अकरा अडकून पडतात.

गाळप क्षमता, स्थापनेचे वर्ष, अध्यक्षांचे नाव अशा साध्या, निर्विवाद गोष्टींसाठी कारखान्याचा स्वतःचा अहवाल संदर्भ म्हणून चालतो. ‘परिसराचा कायापालट केला’, ‘अग्रगण्य’, ‘आदर्श’ यांसाठी चालत नाही. हे शब्द मागणीत घालूच नका. ते दिसले की बाकीच्या खऱ्या दुरुस्त्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

इंग्रजी विकिपीडियावर मागणीच्या वर ‘एडिट सीओआय’ हा साचा (ठरलेल्या नावाने टाकायची तयार चौकट) दुहेरी महिरपी कंसांत, रोमन अक्षरांत टाकायचा. त्याने तुमची मागणी प्रलंबित मागण्यांच्या रांगेत जाते. साचा विसरलात तर ती चर्चापानावर वर्षभरही कोणाच्या नजरेस न पडता राहू शकते. सगळ्यांत जास्त वेळा चुकते ते इथेच. रांग लांब असते आणि उत्तर देणारे सगळे स्वयंसेवक असतात, त्यामुळे काही आठवडे, कधी काही महिने थांबायची तयारी ठेवा. आणि कार्यकारी संचालकांना हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर पंधरा दिवसांनी ‘अजून झालं नाही?’ असा फोन येतो आणि घाईत माणूस स्वतःच बदल करून बसतो.

प्रश्न : ‘हितसंबंध जाहीर करा’ असे सगळीकडे लिहिलेले दिसते. म्हणजे नेमके काय आणि कुठे लिहायचे? मला माझे खरे नाव द्यायचे नाही.

उत्तर : खरे नाव देण्याची सक्ती नाही. जाहीर करायचे आहे ते कोणासाठी लिहिता हे.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये वापराच्या अटींत ही तरतूद घातली. मोबदला घेऊन केलेल्या प्रत्येक योगदानासाठी मालक, ग्राहक आणि अन्य संबंध जाहीर केले पाहिजेत. मोबदला म्हणजे पैसा, वस्तू किंवा सेवा. महिन्याचा पगारही त्यात आला. अट सर्व भाषांतल्या विकिपीडियांना लागू आहे, मराठीलाही.

मालक आणि ग्राहक यांत गल्लत होते. तुम्ही कंपनीच्याच नोकरीत असाल तर मालक म्हणजे ती कंपनी. तुम्ही जाहिरात संस्थेत असाल आणि ती संस्था एखाद्या बांधकाम व्यावसायिकाचे काम पाहत असेल, तर मालक जाहिरात संस्था आणि ग्राहक तो व्यावसायिक. दोन्ही नावे लिहावी लागतात.

जागा तीन आहेत : तुमचे सदस्यपान (तुमच्या खात्याचे स्वतःचे पान), लेखाचे चर्चापान, किंवा बदल जतन करताना खालच्या चौकटीत लिहायचा सारांश. अटीप्रमाणे यांतली एक जागा पुरते. आमचा सल्ला असा की सदस्यपानावर कायमची नोंद ठेवा आणि प्रत्येक चर्चापानावर पहिल्या वाक्यात पुन्हा सांगा. सारांशातली नोंद इतिहासात गाडली जाते आणि सहा महिन्यांनी कोणाला दिसत नाही. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी सदस्यपानावर ‘पेड’ आणि चर्चापानावर ‘कनेक्टेड कॉन्ट्रिब्यूटर (पेड)’ असे साचे आहेत. मराठीत साच्यांचा शोध घेत बसू नका, सरळ वाक्य लिहा : ‘मी अमुक कंपनीच्या प्रसिद्धी विभागात पगारी नोकरीत आहे आणि या लेखातले बदल कामाचा भाग म्हणून सुचवतो.’

‘मला विकिपीडियासाठी वेगळे पैसे कुठे मिळतात?’ असे बरेच जण विचारतात. इंग्रजी विकिपीडियाच्या नियमाने प्रसिद्धीचे काम करणारा माणूस त्याच विषयावर लिहीत असेल तर तो मोबदला घेणाराच धरला जातो, मग विकिपीडियासाठी वेगळे पैसे मिळोत वा न मिळोत. उमेदवारीवर आलेल्या मुलामुलींचेही तसेच. बिनपगारी असले तरी त्यांना कर्मचारीच मानतात. हे मुद्दाम सांगतो, कारण कार्यालयात हे काम बहुधा सगळ्यांत नव्या मुलीच्या गळ्यात पडते आणि खात्यावर बंदी येते ती तिच्या. यंत्रशाळेतला फिटर घरी बसून आपल्या कारखान्याच्या लेखात हौसेने भर घालत असेल, तर तो मोबदल्याचा प्रश्न नसेलही, पण हितसंघर्ष आहेच. त्यानेही सांगून टाकावे आणि चर्चापानाचीच वाट धरावी.

सदस्यनावाबद्दल : कंपनीचे नुसते नाव किंवा ‘अमुक मार्केटिंग’ असे नाव इंग्रजी विकिपीडियावर चालत नाही, खाते गोठवले जाते. एका खात्यामागे एकच माणूस हवा. विभागातल्या चौघांनी एक पासवर्ड वापरायचा नाही.

नोकरीचा उल्लेख जाहीरपणे करण्याआधी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या. विकिपीडियावर जतन केलेले पानाच्या इतिहासात राहते. नंतर खोडले तरी जुनी आवृत्ती कोणालाही पाहता येते.

प्रश्न : आमच्या कंपनीच्या इंग्रजी लेखात एका जुन्या प्रकरणावर मोठा परिच्छेद आहे. न्यायालयाने नंतर आम्हाला दोषमुक्त केले, पण ते तिथे नाही. आम्ही तो परिच्छेद दोनदा काढला, दोन्ही वेळा तो परत आला. आता वकिलांची नोटीस द्यायचा विचार आहे.

उत्तर : नोटिशीचा उल्लेख विकिपीडियावर कुठेही करू नका. चर्चापानावर ‘कायदेशीर कारवाई करू’ असे लिहिणाऱ्याचे खाते, तो इशारा मागे घेईपर्यंत, बंद केले जाते. कायद्याचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे, पण तो चालू असताना संपादनही करत राहायचे हे जमत नाही.

परिच्छेद काढणे थांबवा. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा इतरांचे बदल उलटवले तर बंदी येते. तीन वेळा करायची मुभा आहे असाही त्याचा अर्थ नाही. त्याहून वाईट म्हणजे काढून टाकलेला मजकूरच बातमी होतो. नोव्हेंबर २००५ मध्ये मतदान यंत्रे बनवणाऱ्या डायबोल्ड या अमेरिकी कंपनीच्या लेखातून पंधरा परिच्छेद गायब झाले. यंत्रांच्या सुरक्षिततेवर टीका करणारा मजकूर त्यात होता. ऑगस्ट २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ याने ‘विकिस्कॅनर’ नावाची सोय केली. कोणत्या संस्थेच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) कोणता बदल झाला ते त्यात शोधता येई. ते परिच्छेद डायबोल्डच्याच पत्त्यावरून काढल्याचे जगाला कळले. मजकूर तर एव्हाना लेखात परत आलेला होता.

तुमची बाजू मात्र भक्कम आहे, आणि ती योग्य रीतीने मांडली तर टिकेल. परिच्छेद काढण्याची मागणी करू नका, पूर्ण करण्याची करा. ‘न्यायालयाने अमुक तारखेला दोषमुक्त केले’ हे वाक्य सुचवा आणि त्यासाठी वर्तमानपत्रातली बातमी द्या. निकालपत्राची प्रत हा मूळ दस्तऐवज झाला. त्यातून आपल्याला सोयीचे वाक्य उचलता येते, म्हणून स्वतंत्र बातमीला जास्त वजन असते. ती मिळाली तर आरोप लिहून निकाल गाळणे कोणताही जबाबदार संपादक मान्य करणार नाही. त्यानंतर दुसरी मागणी वेगळी करा : पन्नास ओळींच्या लेखात वीस ओळी एकाच प्रकरणावर असतील तर ते विषयाच्या प्रमाणाबाहेर आहे, आटोपशीर करावे. क्रम असाच ठेवा. आधी ‘कमी करा’ म्हणालात तर झाकायला आला आहात असेच वाटते.

एक अपवाद आहे. लेखात हयात व्यक्तीवर, म्हणजे तुमच्या एखाद्या संचालकावर, संदर्भाशिवाय बदनामीकारक मजकूर असेल तर तो कोणीही लगेच काढू शकतो, तुम्हीसुद्धा. सारांशात ‘हयात व्यक्तीविषयी संदर्भहीन मजकूर’ असे कारण लिहा आणि लगेच चर्चापानावर जाऊन आपण कोण ते सांगा.

प्रश्न : ‘विकिपीडिया पान हमखास करून देतो, राहिले नाही तर पैसे परत’ असे एका संस्थेचे ईमेल आले आहे. आमचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नुकताच नाकारला गेला होता, हे त्यांना कसे कळले? पैसे द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. नाकारलेले मसुदे उघड्यावर असतात, कोणीही पाहू शकते, आणि फसवणारे तिथेच गिऱ्हाईक शोधतात. हीच पद्धत २०१५ मध्ये मोठ्या प्रमाणात उघडकीस आली. ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्या टोळीची ३८१ खाती इंग्रजी विकिपीडियाने बंद केली आणि तिने केलेले २१० लेख काढून टाकले. ही मंडळी मसुदा नाकारला गेलेल्या व्यावसायिकांना गाठत, विकिपीडियावर वजन असल्याचे भासवत, लेख चढवून पैसे घेत आणि पुढे लेख ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दरमहा पैसे मागत. त्यात छोटे व्यावसायिक आणि कलावंत भरडले गेले. पैसे गेले आणि लेखही गेला.

हमी कोणीच देऊ शकत नाही. लेख ठेवायचा की काढायचा हे स्वयंसेवक चर्चेतून ठरवतात. प्रचालक, म्हणजे लेख काढण्याचे आणि खाती बंद करण्याचे अधिकार असलेले सदस्य, या कामाचे पैसे घेत नाहीत, आणि ‘मी प्रचालक आहे’ असे सांगून जो पैसे मागतो तो खोटे बोलतो असे धरून चाला. संस्थेला एकच प्रश्न विचारा : ‘तुमचे सदस्यनाव काय, आणि सदस्यपानावर आमचे नाव ग्राहक म्हणून लिहिणार का?’ उत्तर टाळले तर तिथेच थांबा.

शोधात वर येण्यासाठी पान हवे असेल, तर हेही लक्षात घ्या : इंग्रजी विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना २००७ पासून ‘नोफॉलो’ ही खूण असते. त्या दुव्याला वजन देऊ नये, असे ती शोधयंत्रांना सांगते.

प्रश्न : मग आमच्या कंपनीवर लेख होऊ शकतो की नाही, हे आधी कसे ओळखायचे? आमच्याकडे तीसेक बातम्यांची कात्रणे आहेत.

उत्तर : कात्रणे टेबलावर पसरा आणि गाळत चला. कंपनीने पाठवलेल्या प्रसिद्धिपत्रकावरून आलेली बाजूला. संस्थापकाची मुलाखत बाजूला, कारण बोलणारे तुम्हीच आहात. नवे उत्पादन, नवी शाखा, तिमाहीचे आकडे, मिळालेले भांडवल, नेमणूक, पुरस्कार, या नेहमीच्या बातम्याही बाजूला. ‘ब्रँड डेस्क’, ‘स्पॉटलाइट’, ‘पार्टनर्ड कंटेंट’ अशी पट्टी असलेली तर नक्कीच बाजूला. भारतीय वर्तमानपत्रांतल्या अशा मजकुराबाबत इंग्रजी विकिपीडियावर वेगळी सावधगिरीची सूचना आहे. महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत इथल्या दैनिकांतला पैसे देऊन छापलेला मजकूर देशभर गाजला होता आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलने या प्रश्नावर अहवाल तयार केला.

उरले काय? कोणा पत्रकाराने स्वतः शोध घेऊन, कंपनीच्या कामाचा बरा-वाईट विचार करून लिहिलेला सविस्तर लेख. पुस्तकातले प्रकरण. संशोधकाने केलेला अभ्यास. असे किमान दोन-तीन, वेगवेगळ्या ठिकाणचे हवेत. तीस कात्रणांतून शून्य उरणे अगदी नेहमीचे आहे. त्यात कंपनीचा कमीपणा नाही. उत्तम चाललेल्या हजारो उद्योगांवर कोणी सविस्तर लिहिलेले नसते. मग लेखाचा विचार काही वर्षे सोडून द्या.

उरलेच, तर इंग्रजीत ‘आर्टिकल्स फॉर क्रिएशन’ या मार्गाने मसुदा द्या, म्हणजे दुसरा कोणी तपासून प्रकाशित करेल. सहा महिने हात न लावलेला मसुदा काढला जातो, हे ध्यानात ठेवा. मराठीत आपल्या सदस्यनावाखालच्या धूळपाटीवर (कच्च्या मजकुराच्या पानावर) मजकूर तयार करा आणि चावडीवर, म्हणजे सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, दुवा देऊन, कर्मचारी असल्याचे सांगून, कोणी तपासेल का असे विचारा. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, पण नियमित काम करणारे हात अजूनही थोडे आहेत. चर्चापानावर दोन-तीन आठवडे उत्तर आले नाही तर चावडीवर आठवण करा. उत्तर नाही म्हणजे होकार, असे मात्र धरू नका.

प्रश्न : मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विकिपीडियावर भौतिकशास्त्राचे लेख लिहिते, त्यातही हितसंघर्ष आहे का? आणि महाविद्यालयाच्या लेखाचे काय?

उत्तर : विषयावर खुशाल लिहा. ज्ञान असणे म्हणजे हितसंघर्ष नव्हे, आणि मराठीत अशा लेखांची फार गरज आहे. स्वतःच्या शोधनिबंधाचा संदर्भ अधूनमधून, खरोखर लागू असेल तिथेच द्या. महाविद्यालयाच्या लेखाला मात्र कारखान्याचाच नियम. संस्थांच्या लेखांवर विद्यार्थी आणि पालक फी भरण्याआधी नजर टाकतात, म्हणून हे हलके नाही. आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेशी संबंधित इंग्रजी लेखांत एकांगी संपादन होत असल्याच्या तक्रारींनंतर फेब्रुवारी २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने एका निनावी प्रचालकाचे अधिकार काढून त्याच्यावर बंदी घातली. ‘महाविद्यालयाचे पान सजवा’ असा प्रकल्प विद्यार्थ्यांना देऊ नका. त्यांना गावातली नदी, किल्ला, पीक असे विषय द्या.

प्रश्न : कंपनीच्या संकेतस्थळावरचा मजकूर आणि छायाचित्रे आमचीच आहेत. ती उचलून टाकली तर चालेल ना?

उत्तर : मजकूर नको. तो जाहिरातीच्या भाषेत असतो, आणि प्रताधिकाराचा भंग म्हणून लगेच काढला जातो. छायाचित्र नोकरीचा भाग म्हणून तुम्ही काढले असेल, तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, हक्क कंपनीचा असतो. त्यामुळे परवानगी अधिकार असलेल्या व्यक्तीने, कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून, विकिमीडियाच्या स्वयंसेवक प्रतिसाद चमूला पाठवायची. मुक्त परवाना दिला की ते छायाचित्र कोणालाही, धंद्यासाठीही, वापरता येते आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे वरिष्ठांना समजावून मगच पाठवा. यंत्रशाळेची, इमारतीची चांगली छायाचित्रे ही कर्मचाऱ्याला देता येण्याजोगी सगळ्यांत उपयोगी गोष्ट आहे.

प्रश्न : दोन वर्षे मी काहीच जाहीर न करता आमच्या कंपनीच्या लेखात बदल केले. नियम आत्ता कळला. खाते बंद करून नवे उघडू का?

उत्तर : नवे खाते उघडू नका. जुने लपवण्यासाठी काढलेले दुसरे खाते हा वेगळा आणि जास्त मोठा गुन्हा धरला जातो, आणि तांत्रिक नोंदींवरून तो सापडतो. खाते न उघडता केलेले बदलही मागमूस न ठेवता होत नाहीत. आहे त्याच खात्याच्या सदस्यपानावर आज लिहा : ‘मी अमुक कंपनीत नोकरीला आहे. अमुक महिन्यापासून या लेखात बदल केले, तेव्हा हा नियम माहीत नव्हता. यापुढे चर्चापानावरच सुचवेन.’ आधी दुसरे खाते वापरले असेल तर त्याचेही नाव द्या. मग लेखाच्या चर्चापानावर आपल्या बदलांची यादी ठेवून ते तपासायची विनंती करा. काही बदल उलटवले जातील, लेखावर ‘लेखकाचा विषयाशी निकटचा संबंध’ अशी पाटीही लागेल. ती पाटी स्वतः काढू नका. तपासणी झाली की लावणारा किंवा दुसरा कोणी ती काढतो.